गोल्डन वीकच्या गर्दीत शीआन: आपलं आपण फिरताना

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये फिरू नका, असं जाणकार सांगतात. सल्ला रास्त आहे, पण तारखा निवडायची मुभा प्रत्येकाला नसते. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलं, तिथल्या कंपन्यांत काम करणारे इंजिनियर, १५ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या ग्वांगझोच्या कँटन फेअरला जाताना आधी थोडं फिरून घेणारे व्यापारी, या सगळ्यांच्या वाट्याला हीच सुट्टी येते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. शहर निवडलं आहे शीआन, म्हणजे जुनी राजधानी छांगआन. मराठी माणसाला चीनमधलं एकच जुनं शहर बघायला मिळणार असेल तर ते हेच असावं, असं मला मनापासून वाटतं. कारण पुढे येईलच.

आधी गर्दीचा अंदाज घेऊ. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. १९४९ साली याच दिवशी पीपल्स रिपब्लिकची घोषणा झाली. त्याला जोडून सात दिवसांची सलग सुट्टी द्यायची पद्धत १९९९ पासून आहे. हाच गोल्डन वीक. मध्यशरद सण, म्हणजे पौर्णिमेचा चिनी सण, मध्ये आला तर सुट्टी आठ दिवसांची होते, तशी ती २०२५ मध्ये झाली. सरकारी आकड्यांनुसार २०२४ च्या सात दिवसांत देशांतर्गत प्रवासांची संख्या ७६.५ कोटी होती, आणि २०२५ च्या आठ दिवसांत ८८.८ कोटी. या लोकांच्या आवडत्या शहरांत शीआन कायम वरच्या रांगेत असतं.

तरीही हे शहर या दिवसांत नीट बघता येतं. गर्दी पूर्ण शहरभर सारखी पसरत नाही. ती पाच-सहा ठिकाणी आणि दिवसातल्या ठरावीक तासांत साचते. ती ठिकाणं आणि ते तास आधी माहीत असले की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम घर सोडण्यापूर्वी, मोबाइलवर बसून करायचं असतं.

तारखा कशा बसवायच्या

१ ऑक्टोबरला, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी, अख्खा देश निघालेला असतो. २ ते ५ या दिवसांत प्रेक्षणीय ठिकाणी गर्दीचा कळस असतो. ६ तारखेपासून परतीची लाट सुरू होते आणि ७ तारखेला स्टेशनं, विमानतळ भरतात, तर प्रेक्षणीय ठिकाणं मोकळी व्हायला लागतात. म्हणून शक्य असेल तर २८-२९ सप्टेंबरला शीआनमध्ये पोचा, मोठी ठिकाणं ३० तारखेपर्यंत उरका आणि १ ते ५ हे दिवस पुढे सांगितलेल्या कमी गर्दीच्या जागांना द्या. सुट्टीच १ तारखेला सुरू होत असेल तर उलटं करा: आधी लहान ठिकाणं आणि टेराकोटा सैन्य, म्हणजे पहिल्या सम्राटाचे मातीचे सैनिक, ६ किंवा ७ तारखेला.

चीनमध्ये मोठी सुट्टी देताना आसपासचे शनिवार-रविवार कामाचे करून टाकतात. २०२६ मध्ये सुट्टी १ ते ७ ऑक्टोबर आहे, आणि त्या बदल्यात २० सप्टेंबरचा रविवार व १० ऑक्टोबरचा शनिवार कामाचे आहेत. कामाचा ठरवलेला शनिवार हा पर्यटकाला उत्तम दिवस. शाळा-कार्यालयं चालू असतात आणि स्थानिक लोक फिरायला बाहेर पडत नाहीत.

घरून निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टला पर्यटक व्हिसा लागतो. अनेक देशांच्या नागरिकांना चीन व्हिसाशिवाय येऊ देतो किंवा २४० तासांचा ट्रान्झिट देतो, पण त्या यादीत भारत नाही. इंटरनेटवरच्या परदेशी प्रवाशांच्या व्हिडिओंवर या बाबतीत विसंबू नका. महाराष्ट्रातल्या लोकांचा अर्ज मुंबईच्या केंद्रात जातो. ऑक्टोबरच्या प्रवासासाठी ऑगस्ट संपायच्या आत अर्ज द्यावा. २० नोव्हेंबर २०२५ पासून आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. तो घरीच भरून ठेवला की विमानतळावरची एक रांग वाचते.

पैशाचा विषय सर्वांत महत्त्वाचा, कारण चीनमध्ये कोथिंबिरीच्या जुडीपासून मेट्रोपर्यंत सगळं क्यूआर कोडवर चालतं. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप भारतातच उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पडताळून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. रुपे कार्ड इथे उपयोगाचं नाही. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. बहुतेक कार्डांवर ते बंद असतात. कार्ड जोडताना, आणि कधी कधी पैसे देतानाही, ओटीपी येतो तो तुमच्या भारतीय नंबरवर. म्हणून त्या सिमचं रोमिंग चालू असणं भागच आहे. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर ॲप जादा शुल्क घेत नाही, त्याच्या वर ३ टक्के घेतं. मोठं बिल दोन भागांत द्यायला दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगवेगळ्या ॲपमध्ये जोडली तर एक अडलं तरी काम थांबत नाही. शिवाय ५०० ते १००० युआन रोख, तेही दहा-वीसच्या नोटांत, जवळ असू द्या. एक युआन म्हणजे साधारण १३ रुपये असा हिशोब डोक्यात ठेवला की पुरतो.

गूगल आणि व्हॉट्सॲप चीनच्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर मात्र चालतात, कारण तो डेटा चीनबाहेरून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर ते पुन्हा बंद. नकाशासाठी गूगल मॅप्स विसरा. अमॅप उतरवा, त्याचं इंग्रजी रूप आहे. आयफोन असेल तर ॲपलचे नकाशेही बरे चालतात. टॅक्सीसाठी दीदी हे ॲप अलीपेच्या आतच मिळतं. भाषांतराचं एखादं ॲप चिनी भाषेचा ऑफलाइन संच उतरवून तयार ठेवा. दहा हजार लोकांच्या चौकात नेटवर्क मान टाकतं तेव्हा ऑफलाइन संचच कामाला येतो.

पॉवर बँकबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी शिक्का, म्हणजे चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र, नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर तो शिक्का नसतो. विमान बदलून शीआनला जाणार असाल तर ती सुरक्षा तपासणीत काढून ठेवावी लागेल. शहरात जवळजवळ प्रत्येक दुकानात भाड्याच्या पॉवर बँकांचं यंत्र असतं. क्यूआर स्कॅन करा, काढा, दुसऱ्या कुठल्याही दुकानात परत लावा.

रेल्वेचं तिकीट

बीजिंग पश्चिम ते शीआन उत्तर हे सुमारे १२०० किलोमीटरचं अंतर सर्वांत वेगवान गाड्या साडेचार तासांच्या आसपास कापतात. शांघायहून सहा तासांच्या पुढे-मागे, छंग्दूहून साधारण चार तास. या आठवड्यात विमानापेक्षा रेल्वे बरी, पण तिकीट मिळायला हवं.

रेल्वेचं अधिकृत ॲप १२३०६. तिकीटविक्री प्रवासाच्या दिवसासह १५ दिवस आधी उघडते. म्हणजे १ ऑक्टोबरचं तिकीट १७ सप्टेंबरला, ७ ऑक्टोबरचं २३ सप्टेंबरला. ॲपमध्ये पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून खातं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तयार करा. विक्री उघडण्याची वेळ स्टेशनागणिक वेगळी असते. ॲपमध्ये स्टेशनाचं नाव टाकून ती बघता येते. पहिल्या काही मिनिटांत थेट गाडीची तिकिटं संपलेली दिसली तरी हिरमुसू नका. प्रतीक्षायादीला तिथे होउबू म्हणतात. पैसे भरून तिथे नाव लावा. लोक बेत बदलतात, जादा गाड्या सोडल्या जातात आणि बऱ्याच जणांना तिकीट मिळून जातं. नाही मिळालं तर पैसे परत येतात.

दुसरा मार्ग मार्ग तोडण्याचा. बीजिंग ते झंगझो आणि झंगझो ते शीआन अशी दोन तिकिटं काढा, मध्ये किमान ५०-६० मिनिटं ठेवा. तिसरा मार्ग रात्रीच्या जुन्या गाड्यांचा. ज्यांच्या क्रमांकाआधी झेड, टी किंवा के असतो त्या शयनयान गाड्या आहेत, हॉटेलची एक रात्र वाचवतात आणि बऱ्याचशा जुन्या शीआन स्टेशनला उतरवतात. ते स्टेशन तटबंदीला अगदी लागून आहे.

तिकीट कागदी नसतं; पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित गेटवर आपला पासपोर्ट वाचला गेला नाही तर बाजूला कर्मचारी उभा असलेलं गेट असतं, तिथे जा. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, तिथे घोळ होतो. पासपोर्टच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींत नाव ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने सगळीकडे भरा.

राहायचं कुठे

घंटाघराजवळ, म्हणजे शहराच्या ऐन मध्यात, खोली घ्यायचा मोह होतो. या आठवड्यात तो टाळा. रात्री तिथला चौक माणसांनी इतका भरतो की मेट्रो कधी कधी त्या स्टेशनाची दारं बंद ठेवते किंवा गाडी न थांबवता पुढे नेते. माझी पसंती दक्षिण दरवाज्याच्या बाहेरच्या नानशाओमन परिसराला. मेट्रोच्या लाइन २ आणि लाइन ५ तिथे मिळतात, लहान रानहंस पॅगोडा चालत गाठता येतो आणि तटबंदीही जवळ. दुसरी सोय बेईदाजिए स्टेशनाजवळ, तिथे लाइन १ आणि २ मिळतात. टेराकोटाकडे पहाटे निघायला ही जागा सरस.

दर या दिवसांत दुपटी-तिपटीने वाढतात. जुलै-ऑगस्टमध्येच, मोफत रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते आणि हॉटेल ती स्वतः करतं. अगदी लहान ठिकाणच्या लोकांना ही नोंद कशी करायची ते ठाऊक नसतं. म्हणून आरक्षणानंतर भाषांतराच्या ॲपमधून एक संदेश पाठवा: भारतीय पासपोर्टवर नोंदणी करता का? होकार लेखी आला की निर्धास्त.

टेराकोटा सैन्य

मार्च १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांच्या हाती मातीचे तुकडे लागले आणि पहिल्या सम्राटाचं, छिन शी हुआंगचं, मातीचं सैन्य उजेडात आलं. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिकीट १२० युआन, पासपोर्ट क्रमांकासह आगाऊ आरक्षण बंधनकारक. खिडकीवर जाऊन बघू, हा विचार या आठवड्यात करूच नये. आरक्षणाच्या चिनी पानावर स्थानिक फोन नंबर मागितला तर अडून बसू नका. हॉटेलच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून मदत मागा किंवा परदेशी प्रवाशांसाठीच्या मोठ्या तिकीट ॲपवरून घ्या. सकाळचा पहिला गट, म्हणजे प्रवेशाची पहिली वेळ, मिळाला तर तोच घ्या.

जायचं मेट्रोने. सुट्टीत छोट्या गाड्यांना महामार्गाचा टोल माफ असतो, त्यामुळे लिंतोंगकडचा, म्हणजे टेराकोटा सैन्य आहे त्या भागाकडचा, रस्ता सकाळी नऊनंतर गाड्यांनी तुंबतो. टॅक्सीत दीड-दोन तास अडकून पडायचं कारण नाही. लाइन १ ने फांगझिछंग, तिथून लाइन ९ ने हुआछिंगछी आणि पुढे शहर बस किंवा टॅक्सी. पहाटे साडेसहाला बेईदाजिएहून निघालात तर दारं उघडताना पोचता. हुआछिंगछी स्टेशनाबाहेर माणसं हाका मारून बसमध्ये बसवतात, आत नेऊन दाखवतो म्हणतात, स्वस्त तिकीट देतो म्हणतात. थांबू नका. अधिकृत शहर बसमध्ये मेट्रोसारखाच क्यूआर लागतो, तीच तिची खूण.

आत गेल्यावर क्रम महत्त्वाचा. पहिल्या गटात असाल तर सरळ खड्डा क्रमांक १ मध्ये जा. हे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद दालन आहे. दारातून आत शिरताच समोरच्या कठड्याशी माणसांच्या पाच-सहा रांगा लागतात, सगळ्यांना तोच फोटो हवा असतो. तिथे खेटाखेट न करता डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मार्गाने मागे चालत जा. जसजसे मागे जाल तसतशी गर्दी विरळ होते, आणि अगदी मागच्या टोकाला तुकडे जोडून पुतळे उभे करण्याचं काम चालतं ती जागा आहे. कुणाचं धड आहे, डोकं नाही. कुणाच्या पायाला क्रमांकाची चिठ्ठी लावलेली. एकेक सैनिक किती तुकड्यांतून उभा राहिला ते इथेच कळतं, आणि मला तरी समोरच्या प्रसिद्ध दृश्यापेक्षा हा भाग अधिक मोलाचा वाटतो. उशिरा पोचलात तर आधी खड्डा ३, मग २, आणि जेवणाच्या वेळेला खड्डा १.

त्याच तिकिटावर लीशान उद्यानात जाणारी मोफत बस आहे. सम्राटाची मूळ समाधी तिथे आहे आणि २०२१ पासून कांस्याच्या रथांचं संग्रहालयही तिथेच आहे. बरेच लोक दमून इथे येतच नाहीत. तुम्ही या. निम्म्या आकाराचे ते दोन रथ, घोड्यांच्या लगामांसकट, बघितल्याशिवाय परतू नये.

बाहेर पडताना लिंतोंगची डाळिंबं विकायला असतात. ऑक्टोबर हा त्यांचा ऐन हंगाम. सोलापूरकडच्या माणसाने आवर्जून चाखून बघावीत आणि आपलं मत बनवावं.

हुआछिंग राजवाडा वाटेतच आहे, पण या आठवड्यात तो मी सोडून देईन.

आपला युआन श्वांग

शीआन मराठी माणसाने का बघावं, त्याचं उत्तर या भागात आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला युआन श्वांग छांगआनहून निघून भारतात आला, नालंदेत शिकला आणि दक्षिणेत फिरत आपल्या मुलखातही आला. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. उत्तरेचा हर्षवर्धन त्याला जिंकू शकला नाही, हे युआन श्वांगने नोंदवून ठेवलं. इथली माणसं उपकाराची जाण ठेवणारी आणि अपमान विसरून न जाणारी आहेत, असंही त्याने लिहिलं. डोंगरात कोरलेल्या विहारांचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. ६४५ साली तो ग्रंथ घेऊन छांगआनला परतला, आणि ते ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये महान रानहंस पॅगोडा बांधला गेला. आपल्या भूमीचं सातव्या शतकातलं वर्णन ज्या माणसाच्या लेखणीतून आलं त्याचं हे शहर आहे.

पॅगोडा सात मजली आहे आणि लाइन ३ व ४ वरच्या दायांता स्टेशनाजवळ आहे. सकाळी आठ-साडेआठला जा. मंदिराच्या आवारात तेव्हा भिक्षू झाडलोट करत असतात आणि शांतपणे बसता येतं. संध्याकाळी इथलं चित्र पालटतं. दक्षिणेला सुमारे दोन किलोमीटर पसरलेला दातांग बुयेछंग हा रोषणाईचा रस्ता सुरू होतो, तिथे थांग काळातला पोशाख भाड्याने घेतलेल्या हजारो मुली-मुलं फोटो काढत असतात. गोल्डन वीकमध्ये हा शहरातला सर्वांत दाट जमाव. बघायचाच असेल तर रात्री साडेनऊनंतर दक्षिण टोकाकडून शिरा, पॅगोड्याकडून नको, आणि परतीला दायांता स्टेशन न धरता एक स्टेशन चालून पुढे जा.

युआन श्वांगच्या ओढीने आला असाल तर माझा आग्रह दोन जागांचा आहे. पहिली शिंगजिआओ मंदिर, शहराच्या आग्नेयेला, सुमारे २० किलोमीटरवर. ६६४ मध्ये तो वारला. त्याच्या अस्थींवरचा पाच मजली स्तूप ६६९ पासून इथे आहे, शेजारी त्याच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप आहेत. २०१४ मध्ये रेशीम मार्गाच्या जागतिक वारसा यादीत हे स्तूप आले. तरीही सुट्टीतसुद्धा इथे रेटारेटी नसते. दीदीने जा, आणि परतीची गाडी लवकर मिळत नाही म्हणून चालकाला थांबवून ठेवा.

दुसरी जागा शाओझाय स्टेशनाजवळचं दाशिंगशान मंदिर. प्रवेश मोफत. आठव्या शतकात शुभकरसिंह, वज्रबोधी आणि अमोघवज्र या आचार्यांचं नाव या शहराशी जोडलं गेलं, आणि अमोघवज्राने याच मंदिरात संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं केली. बाहेर खरेदीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि आत झाडाखाली माणसं उदबत्ती लावून बसलेली असतात.

तटबंदी, संग्रहालयं आणि जुना मोहल्ला

मिंग काळात, १३७० च्या दशकात, उभारलेली तटबंदी अजून अखंड आहे. १३.७ किलोमीटरचा वेढा, १२ मीटर उंची, आणि माथा इतका रुंद की दोन बसगाड्या शेजारून जाव्यात. तिकीट ५४ युआन. वर सायकली भाड्याने मिळतात. सगळे दक्षिणेच्या योंगनिंगमनकडून चढतात, तुम्ही पूर्व किंवा पश्चिम दरवाज्याने चढा. उघडल्या उघडल्या गेलात तर सायकल लगेच मिळते. दहानंतर सायकलींची रांग लागते. विटांचा पृष्ठभाग खडबडीत आहे, दीड-दोन तास धरा. पाऊस असेल तर सायकल देत नाहीत, आणि इथे शरदात सलग भुरभुर पाऊस लागणं नेहमीचं आहे. तापमान साधारण १२ ते २० अंश. गर्दीत छत्री दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, म्हणून टोपीचा रेनकोट न्या.

शान्शी इतिहास संग्रहालयाचं मोफत तिकीट मिळवण्यासाठी लोक घड्याळ लावून बसतात आणि ते काही मिनिटांत संपतं. प्रयत्न जरूर करा. नाही मिळालं तर दलालाकडून चढ्या दराने घेऊ नका. तिकीट नावाचं असतं आणि फसवणूक सहज होते. पर्याय कमी प्रतीचे मुळीच नाहीत. लहान रानहंस पॅगोड्याच्या आवारातलं शीआन संग्रहालय निवांत बघता येतं, आणि तो पॅगोडा ७०७ ते ७०९ दरम्यानचा आहे. १५५६ च्या भीषण भूकंपात त्याचा माथा कोसळला, पंधरापैकी तेरा मजले उरले. शिलालेखांच्या वनात, म्हणजे बेईलिन संग्रहालयात, चीनमध्ये ख्रिस्ती धर्म आल्याची साक्ष देणारा ७८१ सालचा शिलालेख आहे. शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर, हान सम्राट जिंगची समाधी हान यांगलिंग आहे. काचेच्या जमिनीवरून चालत खालचे खड्डे बघायचे, त्यांत हातभर उंचीच्या मातीच्या माणसांच्या आणि जनावरांच्या रांगा. टेराकोटाचं तिकीट हुकलेल्यांनी इथे जावं. परतीच्या विमानाच्या दिवशीही हे जमतं.

घंटाघर आणि नगारखान्यामागच्या हुई मुस्लिम मोहल्ल्यात संध्याकाळी सहा ते दहा मुख्य रस्त्यावर माणूस स्वतः चालत नाही, वाहत जातो. सकाळी नऊला जा. त्या वेळी हुआज्यू गल्लीतली मोठी मशीद बघा, जिची स्थापना परंपरेने ७४२ सालची मानतात. घुमट नाही, मिनार नाही. चिनी छपरांची अंगणं एकापाठोपाठ एक. खायला मात्र मुख्य रस्त्यावर थांबू नका. पश्चिमेला साजिनछियाओ आणि उत्तरेला दापियुआन या गल्ल्यांत स्थानिक लोक जेवतात, तिथे चव चांगली आणि दर निम्मे.

जेवण

मोहल्ल्यात डुकराचं मांस आणि चरबी नसते, पण गोमांस सर्रास असतं. बाहेरच्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांच्या, दुकानांत डुकराचं मांस सर्रास. चार शब्द पाठ करा: न्यूरोउ म्हणजे गोमांस, झूरोउ डुकराचं, यांगरोउ मटण, जीरोउ कोंबडी. रोउजिआमो हा मांस भरलेला पाव घेण्याआधी कुठलं मांस ते विचाराच. शाकाहारी माणसाने "वो छ सू" असं म्हणावं आणि मोबाइलवर चिनीत लिहून ठेवावं की मांस, मांसाचा रस्सा, डुकराची चरबी, मासे चालत नाहीत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर भाजीवर मांसाचा रस्सा घालून देतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

शीआनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, हे चीनच्या बऱ्याच शहरांबद्दल म्हणता येणार नाही. हा गव्हाचा मुलूख. लियांगपी, म्हणजे तिळाची पेस्ट, व्हिनेगर आणि तिखट घातलेल्या थंड पट्ट्या, दहा-बारा युआनला पोटभर. योउपो म्येन तर आपल्या माणसाला लगेच रुचतात: रुंद शेवयांवर लाल तिखट आणि लसूण घालून वरून कडकडीत तेल ओततात, अगदी आपल्या वरून ओतलेल्या फोडणीसारखं, आणि चर्रर्र आवाजासकट वाडगा समोर येतो. मांसाचा खिमा घालू नका एवढं आधी सांगायचं. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याचे नूडल्स प्रत्येक दुकानात. गोडात झंगगाओ, लाल खजूर आणि चिकट तांदळाचा वाफवलेला थर, सकाळीच संपतो. जेवणाच्या वेळा सरकवून घ्या: साडेअकरा आणि साडेपाच. बाराला आणि साडेसहाला रांगा असतात.

रस्त्यावर चालताना

पोलीस दोऱ्या लावून रस्ते एकमार्गी करतात. नकाशावर शंभर मीटर दिसणारी जागा गाठायला मोठा वळसा पडू शकतो. उलट्या दिशेने घुसायचा प्रयत्न करू नका. जमाव इतका दाटला की हात वर घेता येत नाही असं वाटलं तर थांबून राहू नका, प्रवाहाबरोबर चालत तिरपं कडेला सरका. सोबत आई-बाबा किंवा मुलं असतील तर रोज सकाळी भेटायची एक जागा ठरवा, एखादं हॉटेलचं दार किंवा ठरावीक मेट्रो दरवाजा, चौक नको. मुलाच्या खिशात हॉटेलचं चिनी कार्ड आणि मागे तुमचा नंबर लिहून ठेवा. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०.

मेट्रोत शिरताना दर वेळी बॅग यंत्रातून जाते, म्हणून लहान बॅग न्या. पासपोर्ट रोज अंगावर लागतो. पोटाशी बांधायच्या पाकिटात ठेवा. स्वच्छतागृहं जागोजागी आणि फुकट, पण कागद नसतो, जवळ ठेवा. बायकांची रांग लांब असते, म्हणून मोठ्या दुकानसंकुलांचे वरचे मजले गाठावेत. गरम पाण्याचे नळ स्टेशनावर असतात, थर्मास उपयोगी पडतो. आणि अनोळखी लोक तुमच्याबरोबर फोटो मागतील, बहुतेकदा निव्वळ कुतूहलाने. हसून द्या, वेळ नसेल तर हात हलवून पुढे व्हा.

परतताना

शीआन उत्तर हे स्टेशन आकाराने विमानतळाएवढं आहे. लाइन २, ४ आणि १४ तिथे जातात. १४ पुढे विमानतळालाच पोचते. ६ आणि ७ तारखेला गाडीच्या दीड तास आधी पोचा. प्रवेशाला पासपोर्ट, मग सामानाची तपासणी, मग फलाटाचं गेट, आणि ते गेट गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं. डबा क्रमांक फलाटावर जमिनीवर लिहिलेला असतो. लांबच्या प्रवासाला खाणं स्टेशनात शिरायच्या आधीच घेऊन ठेवा, आत दर जास्त आणि शाकाहारी पर्याय थोडे. तिकीट बदलायचं असेल तर गाडी सुटण्यापूर्वी ॲपमध्ये ते करता येतं, जागा असेल तर. लवकरची गाडी मोकळी दिसली, तर घ्या.